गाडी भरली, पण पोचली का?

गंगापूर रोडवर राहून ट्रकवर लेख लिहायचा म्हणजे कोकणात बसून उंटावर लिहिण्यासारखं आहे. आपल्या रोडवर दिसतं काय? क्लासेसचे बोर्ड, कॅफे, धरणाकडे सुसाट निघालेल्या बाइक्स, आणि शनिवार-रविवारी वाइनरीचा पत्ता विचारणाऱ्या मुंबईच्या गाड्या. ट्रक दिसलाच तर एखाद्या स्कीमवर वाळू टाकायला आलेला. खरे ट्रक असतात शहराच्या दुसऱ्या अंगाला, द्वारका ओलांडून आडगावच्या ट्रक टर्मिनसकडे. तिकडे आपण जात नाही. जायचं कारणच काय म्हणा!

पण हॉस्टेलच्या रजिस्टरमधले पत्ते एकदा वाचा. निफाड, चांदवड, येवला, देवळा, कळवण, सटाणा. आपल्यातल्या कित्येकांची फी कांद्याच्या पट्टीतून आलेली आहे. आणि त्या पट्टीवरचा आकडा बऱ्याचदा ठरतो तो आपल्यापैकी कुणीही न पाहिलेल्या एका फाटकावर. त्या फाटकाचं नाव पेट्रापोल. पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या पुढे, कोलकात्यापासून साधारण 80 किलोमीटरवर. फाटकापलीकडचं गाव बेनापोल, म्हणजे बांगलादेश. भारत-बांगलादेशचा जमिनीवरून होणारा सर्वांत मोठा व्यापार इथून चालतो, आणि नाशिकचा कांदा त्यातला एक जुना प्रवासी.

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो. ह्या व्यापारात खरं नुकसान अंतराने होत नाही, थांबण्याने होतं. आणि थांबण्याचं बिल फाडलं जातं ते नेहमी रांगेत सगळ्यात मागे उभ्या असलेल्याच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या नावावर. हे दुरुस्त करता येण्यासारखं आहे, आणि त्यातला बराच भाग चक्क आपल्या सिलॅबसमधला आहे.

आधी गाडी भरू. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात माल दोन प्रकारे जातो. पार्सल, म्हणजे चार जणांचा माल एका गाडीत, मध्ये गोडाऊन, मध्ये चढ-उतार. आणि फुल लोड, म्हणजे अख्खी गाडी एकाच मालाची. एक बिल्टी, एक भाडं, मध्ये कुठे खोलायचं नाही. कांदा फुल लोडनेच जातो, कारण त्याला गोडाऊनची सवय नाही. दहा चाकी गाडीचं मालासकट वजन 2018 पर्यंत 25 टन धरत असत, त्या वर्षी केंद्राने ते 28.5 टन केलं. गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की साधारण 18 टन माल बसतो. 50 किलोची गोणी धरली तर 360 गोण्या. व्यापाऱ्याच्या खळ्यावर हमाल त्या एकेक करून चढवतात, हवा खेळावी म्हणून ताडपत्री बेताने बांधतात, ड्रायव्हर डिझेलचा अॅडव्हान्स घेतो आणि निघतो. उरलेलं भाडं पोच आल्यावर. पोच म्हणजे माल मिळाल्याची सही. ट्रान्सपोर्टवाल्याच्या तोंडी दिवसभर एकच प्रश्न असतो, “पोच आली का?”

पुढचा रस्ता सोपा आहे, लांब आहे एवढंच. चांदवड, मालेगाव, धुळे. तिथून जुना सहा नंबर हायवे धरायचा: जळगाव, अमरावती, नागपूर, रायपूर, संबळपूर, खरगपूर. बॉर्डरपर्यंत साधारण दोन हजार किलोमीटर, चार-पाच दिवस. ह्या रस्त्यावर गेल्या काही वर्षांत खरंच सुधारणा झाली. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि राज्याराज्यांच्या सीमेवरचे करनाके गेले. फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाला, टोलवरची सुट्ट्या पैशांची भांडणं संपली. म्हणजे पाच राज्यं ओलांडायला आता कुणी अडवत नाही. मग पेट्रापोल येतं आणि गाडी उभी राहते.

किती उभी राहते? जागतिक बँकेने 2021 मध्ये दक्षिण आशियातल्या दळणवळणावर एक अहवाल काढला. त्यात म्हटलंय, की पेट्रापोल-बेनापोल पार व्हायला कित्येक दिवस लागतात, आणि तेवढीच वर्दळ असलेल्या जगातल्या इतर सरहद्दींवर, अगदी पूर्व आफ्रिकेतसुद्धा, सहा तासांच्या आत काम होतं. आणि ही गोष्ट 2016 मध्ये पेट्रापोलला नवी कोरी एकात्मिक तपासणी चौकी सुरू झाल्यानंतरची! भव्य इमारत झाली, पार्किंग झालं, रांग होती तिथेच.

इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग ज्यांना आहे त्यांनी क्यूइंग थिअरी आठ मार्कांसाठी पाठ केली असेल. साधं एम-एम-वन मॉडेल घ्या, एक रांग आणि एक खिडकी. गाड्या येण्याचा वेग खिडकीच्या क्षमतेच्या 90 टक्के असेल तर सरासरी 9 गाड्या खोळंबतात. 95 टक्क्यांवर 19. 99 टक्क्यांवर 99! क्षमता संपत आली की रांग सरळ रेषेत वाढत नाही, उसळते. म्हणून एखाद्या सणाच्या सुट्टीने, सर्व्हर बंद पडल्याने किंवा पलीकडच्या यार्डात जागा नसल्याने दोन दिवस फाटक मंदावलं, की पुढचे आठ दिवस त्याची सजा. परीक्षेत आपण हे गणित बँकेच्या काउंटरवर सोडवतो. काउंटरसमोरचा माणूस सडत नाही, कांदा सडतो, एवढा फरक सोडला तर गणित तेच.

गाडीमालकाच्या बाजूने एक हिशेब करू. जायला पाच दिवस, यायला पाच दिवस धरले तर महिन्यात तीन फेऱ्या. बॉर्डरवर पाच दिवस थांबावं लागलं तर फेरी पंधरा दिवसांची, म्हणजे महिन्यात दोनच. गाडीचा हप्ता तोच, इन्शुरन्स तोच, ड्रायव्हरचं पोट तेच. एक तृतीयांश कमाई नुसती उभं राहण्यात गेली. मालक काय करणार? तो हे भाड्यात लावणार. व्यापारी काय करणार? तो लिलावात तेवढं कमी बोलणार. शेतकरी काय करणार? हा प्रश्न मी मोकळाच ठेवतो.

बरं, नंबर लागल्यावर तरी गाडी सरळ ढाक्याला जाते का? नाही. ती बेनापोलच्या यार्डात जाते, तिथे 360 च्या 360 गोण्या माणसांच्या पाठीवरून उतरतात, बांगलादेशी ट्रकमध्ये चढतात, आणि आपली गाडी रिकामी परत येते. परत यायला कोलकाता-दुर्गापूर पट्ट्यातून किंवा रायपूर-भिलाईकडून लोखंड मिळालं तर नशीब, नाहीतर भाडं मिळेपर्यंत पुन्हा मुक्काम. ह्यात एक विनोद आहे. पेट्रापोलच्या रांगेत भारतात बनलेल्या ट्रकच्या नव्या चेसिसही असतात, बांगलादेशला विकलेल्या. त्या स्वतःच्या चाकांवर सरहद्द पार करतात आणि तिकडेच राहतात, कारण कागदोपत्री त्या ‘माल’ आहेत. मालासकट आलेली गाडी मात्र यार्डाच्या पुढे जाऊ शकत नाही, कारण ती ‘वाहन’ आहे!

कुणी म्हणेल, दोन देश म्हटले की एवढं चालायचंच. मग आपल्याच जिल्ह्यातल्या द्राक्षांकडे बघा. युरोपला जाणारं द्राक्ष पॅकहाउसमध्ये थंड कंटेनरमध्ये बसतं, न्हावाशेवाला तो कंटेनर तसाच्या तसा जहाजावर चढतो आणि सात समुद्र ओलांडून रॉटरडॅमला उतरतो. मध्ये कुणी पेटीला पाठ लावत नाही. तेच द्राक्ष शेजारच्या बांगलादेशला ट्रकने निघालं की ह्या गाडीतून त्या गाडीत. परदेश जितका लांब तितका प्रवास सोपा, असा हा उलटा न्याय. ह्या कंटेनरची व्यापारी वाहतूक 1956 मध्ये अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी सुरू केली. पहिल्या फेरीला जहाजावर 58 पेट्या होत्या. मॅक्लीन जहाजवाले नव्हतेच, ट्रकवाले होते! खोळंब्याची किंमत ट्रकवाल्याइतकी कुणाला कळणार?

जमिनीवरही हे जमतं. अमेरिका-मेक्सिको सरहद्दीवर टेक्सासमध्ये लारेडो म्हणून गाव आहे. मॉन्टेरेच्या कारखान्यातले पार्ट असोत नाहीतर मिचोआकानचे अॅव्होकाडो, मेक्सिकोचा ट्रक सरहद्दीच्या अलीकडे ट्रेलर सोडतो. एक लोकल घोडा तो ट्रेलर ओढत पुलापलीकडे नेतो, आणि पुढे अमेरिकन घोडा जोडला जातो. (घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारं पुढचं धूड; आडगावला विचारा.) घोडे तीन, ट्रेलर एक, मालाला हात नाही. तिथेही सगळं गोड आहे असं नाही. 1994 च्या नाफ्टा करारात एकमेकांचे ट्रक आत घ्यायचं ठरलं होतं, ते वर्षानुवर्षं लटकलं. 2009 मध्ये अमेरिकेने प्रायोगिक योजना बंद केली तेव्हा मेक्सिकोने अमेरिकन मालावर जादा कर ठोकले. तिथेही रांगा लागतात. पण भांडण ट्रक आणि ड्रायव्हरवर चाललं, माल मात्र ट्रेलरमध्ये शांत बसून पुढे गेला.

आपल्याकडे कागदावर ह्याहून मोठं स्वप्न आहे. 15 जून 2015 ला थिंफूमध्ये बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी मोटार वाहन करारावर सह्या केल्या. एकमेकांच्या गाड्या एकमेकांच्या रस्त्यांवर चालाव्यात असा करार. त्याच नोव्हेंबरमध्ये कोलकाता-ढाका-आगरताळा असा एक ट्रक चाचणी म्हणून धावलाही. मग भूतानच्या वरच्या सभागृहाने नकार दिला, आणि उरलेल्या तिघांचं घोडं नियमावलीत अडलं. 2017 मध्ये भारत टीआयआर करारात सामील झाला, ज्यात सील लावलेली गाडी वाटेत न उघडता पुढे जाऊ शकते. त्याचा फायदा व्हायला शेजारीही त्यात हवा. असो. मला वाटतं, गाड्या आत घेण्याचा हट्ट दोन्हीकडच्यांनी थोडा बाजूला ठेवावा. लोकल ट्रकवाल्यांचं पोट, ड्रायव्हरचा व्हिसा, सुरक्षा, सगळे प्रश्न खरे आहेत. गाडी नको, ट्रेलर तरी जाऊ द्या. पण त्यासाठी कांद्याला चालेल असा, बाजूंनी हवा घेणारा, सील करता येणारा ट्रेलर हवा. तो कुणी बनवायचा? सातपूर-अंबडला गाड्यांचे पार्ट बनवणारे कारखाने दारात आहेत, आणि शेतात कांदाचाळ बांधणाऱ्या माणसाला हवा कशी खेळवायची हे आपल्या सरांइतकंच कळतं. (सर, रागावू नका.)

आता मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. रांगेत थांबणं एक वेळ समजू शकतो. पण गाडी नागपूर सोडून पुढे गेली आहे, आणि दिल्लीहून एक अधिसूचना निघते: निर्यात बंद, तात्काळ. 29 सप्टेंबर 2019 ला असं झालं. 14 सप्टेंबर 2020 ला झालं. तेव्हा बंगालच्या सरहद्दीवर कांद्याचे ट्रक अडकून पडले. कस्टम्सच्या ताब्यात आधीच गेलेल्या मालाला काही दिवसांनी वाट मोकळी झाली, रस्त्यात असलेल्यांचं काय? ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क आलं, ऑक्टोबरमध्ये टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य, आणि 8 डिसेंबर 2023 ला पुन्हा पूर्ण बंदी. लिलाव बंद पडले, चांदवडला महामार्गावर रास्ता रोको झाला, शरद पवारांसारखे ज्येष्ठ नेते रस्त्यावर बसले. बंदी उठली मे 2024 मध्ये, शुल्क पूर्ण गेलं 1 एप्रिल 2025 ला.

सरकारची बाजू मला कळते. शहरात कांदा ऐंशी रुपये झाला की हॉस्टेलच्या मेसमध्येसुद्धा कोशिंबिरीतून तो गायब होतो, आणि मेस सेक्रेटरीला शिव्या बसतात. निर्यात थांबवायचा अधिकार सरकारला आहे, असावाही. माझा आक्षेप ‘तात्काळ’ ह्या शब्दाला आहे. डिसेंबर 2023 च्या बंदीत थोडी सवलत होती. माल कस्टम्सच्या हद्दीत शिरलेला असेल तर सोडू, असं. न्हावाशेवा दोनशे किलोमीटरवर आहे, तिथे हा नियम चालून जातो; सकाळी निघालेली गाडी संध्याकाळी पोर्टला लागते. पेट्रापोलला निघालेली गाडी कस्टम्सच्या हद्दीत शिरायला पाच दिवस लागतात आणि पुढे रांग. म्हणजे एकाच दिवशी, एकाच खळ्यावरून निघालेल्या दोन गाड्या. एक वाचते, दुसरी अडकते. दुसऱ्याचा गुन्हा एवढाच, की तो जमिनीच्या वाटेने गेला.

पूर्वी यावर उत्तर मिळायचं, की गाडी बंदीच्या आधी भरली कशावरून? व्यापारी मागच्या तारखेच्या बिल्ट्या फाडतील. कबूल, फाडतीलही. कांद्याला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे तोही पुरावा नाही. पण आता फास्टॅग आहे ना! धुळ्याच्या पुढचा टोल किती वाजता ओलांडला, नागपूरचा किती वाजता, सगळं मिनिटासकट सर्व्हरवर आहे. सोबत बाजार समितीची गेट पावती आणि वजनकाट्याची चिठ्ठी जोडा. तीन कागद, तीन वेगळ्या हातांचे. तिन्हीत एकाच वेळी खोटेपणा करणं आपल्या सबमिशनच्या फाइलीइतकं सोपं नाही! अधिसूचनेत फक्त एक वाक्य वाढवायचं आहे: निघण्याच्या वेळेआधी भरून रस्त्याला लागलेली गाडी सुटेल. पाच दिवसांच्या वाटेवर जेवढ्या गाड्या असतील तेवढ्याच सुटतील, त्याने दिल्लीतल्या कांद्याचा भाव हलणार नाही.

आणि नुकसान एका फेरीचं नसतं. ऑक्टोबर 2019 मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. व्यापाऱ्यांच्या सभेत त्या हिंदीतून हसत हसत म्हणाल्या, की स्वयंपाक्याला कांदा न घालता जेवण करायला सांगितलंय. आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती. सभागृह हसलं. पण पुढे त्यांनी सोय केलीच. म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, चीन, पाकिस्तान, जिथून मिळेल तिथून कांदा आणला, आणि स्वतःचं पीक वाढवायच्या मागे लागले. स्वतःचा कांदा निघाला की आयात परवाने रोखायचं बांगलादेशही शिकला. मग तिकडे ऑगस्ट 2024 मध्ये सत्तापालट झाला, पेट्रापोल काही दिवस बंद राहिलं. 2025 च्या एप्रिल-मे महिन्यांत दोन्ही देशांनी एकमेकांच्या मालाला जमिनीवरची दारं बंद करायला सुरुवात केली. त्यांनी सूत अडवलं, आपण तयार कपडे. ह्यातलं काहीही निफाडच्या शेतकऱ्याने केलेलं नाही.

रेल्वेचं काय, असं एक सर मला म्हणाले. उत्तम आहे. मे 2020 मध्ये लॉकडाउनमुळे सरहद्दीवरची ट्रकची वाट बंद पडली, तेव्हा नाशिक जिल्ह्यातून कांद्याच्या मालगाड्या थेट बांगलादेशला गेल्या. मार्च 2024 च्या अखेरीस बंदी चालू असतानाच सरकारी वाट्याचा 1,650 टन कांदाही रेल्वेनेच गेला. पण 1,650 टन म्हणजे आपल्या हिशेबाने नव्वदहून जास्त ट्रक. एवढा माल एकदम जमवणारा व्यापारी मोठाच हवा, नाहीतर सरकार हवं. लासलगाव-पिंपळगावला खळं मांडून बसलेल्या छोट्या व्यापाऱ्याचं जहाज म्हणजे ती दहा चाकी गाडीच. ती अडली की लिलावात बोली लावणारी माणसं कमी होतात, आणि बोली लावणारी माणसं कमी झाली की भाव कुणाच्या बाजूने जातो हे सांगायला इकॉनॉमिक्सचा पेपर द्यावा लागत नाही.

याच गावात दुसरा हिशेबही चालतो, म्हणून हे जास्त लागतं. पलीकडे त्र्यंबक रोडला सातपूरमध्ये इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलो की आपल्याला कौतुकाने दाखवतात, पार्ट लाइनवर किती तास आधी येतो, उशीर झाला तर मिनिटामागे किती नुकसान. आपण वहीत लिहून घेतो, जस्ट इन टाइम. तिथे मिनिटाला किंमत आहे, कारण ते मिनिट कुणीतरी मोजतो. कांद्याच्या गाडीचे पाच दिवस मोजायला कुणी नाही. खळ्यावरच्या वहीत ‘घट’ म्हणून एक आकडा पडतो, बस. ती घट उन्हाने झाली, रस्त्याने झाली, का बनगावच्या पार्किंगमध्ये उभं राहून झाली, हे त्या आकड्यात दिसत नाही.

म्हणून यंदा फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी आमच्या गटाने विषय दिला आहे: एका कांद्याच्या गाडीत खळ्यापासून सरहद्दीपर्यंत तापमान, ओलावा आणि थांबलेले तास नोंदवायचे, दोन्ही टोकांचं वजन घ्यायचं, आणि घटीतला किती वाटा थांबण्याचा आहे ते काढायचं. सेन्सर स्वस्त आहेत, आडगावला गाडीमालक तयार आहे. डिपार्टमेंटकडून विचारणा आली आहे, की ह्यात मेकॅनिकल नेमकं काय? उत्तर लिहून दिलं आहे. गाइड अजून मिळायचा आहे. सिव्हिल किंवा ईएनटीसीच्या कुणाला यायचं असेल तर बी विंगमध्ये चौकशी करावी.

— एक विद्यार्थी, अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी